गमच्या डब्यावर मराठीत कोण लिहिणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या सोमवारी आपल्या वाचकांच्या पत्रांत एका उद्योजक बंधूंचं पत्र आलं होतं. कामगारांना महागड्या मालाची किंमत नाही, गम वाया घालवतात आणि वर माल रिजेक्ट होऊन येतो, अशी त्यांची तक्रार होती. त्यांचा संताप मला कळतो, कारण गमचं बिल मीही भरते. पण दोष त्यांनी जिथं ठेवलाय तिथं तो नाही, असं मी गेली चौदा वर्षं हेच काम करून सांगू शकते. पत्र लांबलंय. जागेअभावी कापावं लागलं तर जरूर कापा, फक्त डोळ्यांच्या थेंबांसारख्या दिसणाऱ्या गमच्या बाटलीचा भाग तेवढा ठेवा.

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. नऊ बायका आणि एक मुलगा, एवढीच माणसं. हायड्रॉलिक मशीनच्या ऑइल फिल्टरचे एलिमेंट आम्ही जॉबवर्कवर करतो. घड्या घातलेला कागद गोल करायचा, आत जाळीची नळी बसवायची आणि दोन्ही टोकांना पत्र्याची टोपणं चिकटवायची. थोडं काम ट्रॅक्टरच्या एअर फिल्टरचं असतं. शिवाय रबराच्या दोरीचे तुकडे जोडून मोठ्या मापाच्या ओ-रिंगा, म्हणजे गळती थांबवणारी रबरी कडी, बनवतो. म्हणजे सकाळी साडेनऊपासून हाताखाली गमच. पत्र्याला इपॉक्सी, एअर फिल्टरला पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन, ओ-रिंगेला इन्स्टंट गम. पहिले दोन्ही दोन डब्यांत येतात, एकात रेझिन म्हणजे मूळ गम, दुसऱ्यात तो घट्ट करणारा हार्डनर, आणि दोन्ही कालवूनच वापरायचे.

आधी 340 एलिमेंटची गोष्ट सांगते, कारण त्यानंतर मी डबे वाचायला शिकले.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एका गिऱ्हाइकाकडून 340 एलिमेंट परत आले. गरम तेलात टोपणं सैल पडली होती. सोबत 58 हजारांची डेबिट नोट, म्हणजे तेवढे पैसे आमच्या बिलातून वजा. एक एलिमेंट मी फोडून पाहिला. नेहमीचा गम वाळला की काचेसारखा होतो, नखानं दाबला तर टक् वाजतो. हा दाबला तर नखाचा वण उठत होता. गम कालवायचं काम एका मावशींकडे होतं. मी सगळ्यांदेखत त्यांच्यावर ओरडले. मावशी रडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "वैनी, समान समानच घेतलं हो मी. एक ग्रॅम हिकडं तिकडं झाला न्हाई."

मावशींचं खरं होतं. चूक नेमकी त्याच 'समान समान'मध्ये होती. महिनाभर आधी मीच नवीन इलेक्ट्रॉनिक काटा आणला होता. त्याआधी बायका दोन सारख्या वाट्या वापरायच्या. एक वाटी रेझिन, एक वाटी हार्डनर, आणि माल कधी परत आला नव्हता. काटा आल्यावर त्यांनी तेच वजनावर सुरू केलं, शंभर ग्रॅमला शंभर ग्रॅम. आता या गमचा हिशोब असा आहे की वाटीच्या मापानं घेतलं तर 100 ला 100, आणि वजनानं घेतलं तर 100 ला 80. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, म्हणून वाटी तेवढीच भरली तरी वजन कमी भरतं. काट्यावर समान घेतलं की हार्डनर पंचवीस टक्के जास्त पडतो. गम वाळतो, चिकटतोही, पण मऊ राहतो आणि गरम तेलात तग धरत नाही.

गमच्या कंपनीचा माणूस आला. मुलगा चांगला होता, तासभर बसून त्यानं हे सगळं समजावलं. पण सुरुवातीलाच म्हणाला, "मॅडम, डब्यावर लिहिलंय की." लिहिलं होतं. मी फूटपट्टी लावून मोजलं, अक्षराची उंची दीड मिलिमीटर. दोन ओळी, दोन्हीत 100, आणि पुढं इंग्रजी तीन-तीन अक्षरं, एका ओळीत पीबीडब्ल्यू आणि दुसरीत पीबीव्ही. त्यातलं शेवटचं अक्षर वजनाचं की आकारमानाचं, हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच ते वाचता येणार. मावशी सातवी शिकल्यात. मी बी.कॉम. आहे आणि मलाही त्या दिवसापर्यंत ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मावशींची माफी मागितली, तीही सगळ्यांदेखत. पण 58 हजार गेलेच. एका वाटीचं आणि एका तराजूचं चित्र त्या डब्यावर छापलं असतं, आणि त्याखाली दोन आकडे, तर ते गेले नसते.

माझं माहेर मिरजेचं. आमच्या गल्लीपलीकडे तंतुवाद्यांचे कारखानदार राहायचे. लहानपणी सतारीचा भोपळा जोडताना मी पाहिलाय. ते सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गम, वापरायचे. रात्री भिजत घालायचा, सकाळी पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून कोमट करायचा, उकळू द्यायचा नाही. सरस बिघडला तर वासावरून कळतो, पातळ झाला तर बोटाला कळतो. आजचे गम तसे नाहीत. चांगला आणि बिघडलेला दिसायला एकच, वासाला एकच. नाकाडोळ्यांना जे कळत नाही ते डब्यानं सांगायला हवं, आणि डबा तर मुका.

कधी कधी तर उलटंही होतं. एका डिसेंबरात सकाळी डबा उघडला तर रेझिन रवाळ, पांढुरकं, चमचा फिरेना. मुलगा म्हणाला, "वैनी, ह्यो डबा नासला बगा." पाच किलोचा डबा आम्ही बाजूला काढला आणि शेवटी फेकून दिला. पुढं कळलं की थंडीत मध रवाळ होतो तसंच हे असतं. डबा 50-60 अंशांच्या गरम पाण्यात ठेवून सगळे खडे विरघळेपर्यंत हलवला की रेझिन पहिल्यासारखं होतं. त्यात बिघडलेलं काही नसतं. या एका ओळीअभावी पाच किलो माल गेला.

आता पॅकच्या आकाराबद्दल. पीयूचा हार्डनर आम्हाला 20 किलोच्या डब्यात मिळतो, कारण विक्रेत्याकडे त्याहून लहान पॅक नसतो. आम्हाला दिवसाला दोन किलो लागतो. म्हणजे एकच डबा दहा दिवस रोज उघडायचा आणि बंद करायचा. हा हार्डनर हवेतल्या पाण्याशी लागलीच भिडतो. जुलैत, सांगलीत पाऊस लागून राहिला की, दोन दिवसांत वर साय धरते, आठ दिवसांत खडे होतात. आणि ओल आत शिरली की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. झाकण गच्च लावलेलं असेल तर डबा पोटात हवा धरल्यासारखा फुगतो. आमच्याकडे एकदा फुगलेल्या डब्याचं झाकण स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटताना असं उडालं की शेडच्या पत्र्याला लागून खाली आलं. मुलगा वाकलेला नव्हता म्हणून वाचला. मोठ्या कारखान्यात हा डबा पंपाला जोडतात, आत येणारी हवा कोरडी करून घेतात, एका पाळीत संपवतात. डबा त्यांच्यासाठी बनलाय. आम्हाला तोच विकला जातो. एक-एक किलोच्या सीलबंद थैल्या मिळाल्या तर किलोमागं चार पैसे जास्त मोजायची माझी तयारी आहे, कारण आज प्रत्येक डब्याच्या तळाचा दोन-तीन किलो माल मी फेकतेच आहे.

मग लोक म्हणतात, दोन नळ्यांची ती तयार कार्ट्रिज का घेत नाही? बंदुकीत घालायची, खटका दाबला की रेझिन आणि हार्डनर पुढच्या नळीतच मिसळून येतात. घेतो, तातडीच्या कामाला घेतो. मापाची चूक त्यात होत नाही हे कबूल. पण पाच मिनिटांत वाळणारा गम असेल तर पुढच्या मिसळायच्या नळीतही तो पाच मिनिटांतच वाळतो. अकराचा चहा झाला की नळी गेली. ती फेकायची, नवी लावायची, आणि आतला चमचाभर गम तिच्याबरोबर कचऱ्यात. आमच्या बायकांनी यावर स्वतःच तोड काढली. आता त्या एकत्र चहा पीत नाहीत. एक उठते, दुसरी तिच्या जागी बसते, बंदूक थांबत नाही. गम वाया घालवणाऱ्या बायका अशा असतात का, हे त्या पत्रलेखक बंधूंनी सांगावं. एकत्र बसून चहा प्यायची पंधरा मिनिटं त्यांनी एका नळीसाठी सोडलीत.

नवी कार्ट्रिज लावल्यावर पहिली धार टाकून द्यायची असते, हेसुद्धा आम्ही नुकसान सोसूनच शिकलो. आतले दोन दट्टे सुरुवातीला एका रेषेत नसतात, एक भाग पुढं येतो आणि पहिल्या थोड्या गमचं प्रमाण चुकतं. नवीन आलेली एक मुलगी ती धार जपून टोपणात भरायची. तिला वाटायचं, वाया कशाला घालवा. मावशींनी तिला समजावलं, "म्हशीची धार काढताना पयल्या दोन धारा भुईवर सोडत न्हाईस व्हय? तसंच हे." त्या मुलीला ते जन्मभर लक्षात राहील. कंपनीच्या पत्रकात हेच वाक्य चौथ्या पानावर इंग्रजीत आहे.

उन्हाळ्याचंही एक आहे. गम कालवल्यावर तो किती वेळ हाताळता येतो ती मिनिटं डब्यावर असतात. पण ती असतात 25 अंशांना, आणि बहुधा शंभर ग्रॅम गमसाठी. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की वेळ साधारण निम्म्यावर येतो. आणि एकदम अर्धा किलो कालवला तर आतली उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही, गम स्वतःच तापतो. आमचा एक प्लास्टिकचा मग असाच वाकला आणि धूर निघाला. थोडा थोडा कालवायचा आणि पसरट भांड्यात ठेवायचा, एवढं कळल्यापासून तो प्रकार थांबला.

गेल्या वर्षी मी सेकंडहँड डिस्पेन्सर घेतला, हवेच्या दाबावर सिरिंजमधून गमचा ठिपका सोडणारा. सकाळी ठिपके एकसारखे यायचे, दुपारी लहान व्हायचे. आधी वाटलं मशीन खराब. पुण्याच्या मेकॅनिकनं फोनवर उलगडा केला. सिरिंज रिकामी होत जाते तशी आत हवेची जागा वाढते. दाब तोच, वेळ तोच, पण ती वाढलेली हवा दाबण्यातच निम्मा जोर जातो. आता सिरिंज एकतृतीयांशावर आली की आम्ही भरून घेतो. याबद्दल तक्रार नाही, मशीन आहे म्हटल्यावर शिकावंच लागतं.

शेजारच्या शेडमध्ये पंपांची जुळणी चालते. तिथं बोल्ट सुटू नयेत म्हणून आट्यांवर लावायचा गम वापरतात. त्यांचे फोरमन एकदा विक्रेत्याशी भांडायलाच निघाले होते, कारण 50 मिलीची बाटली नवी कोरी आणि जेमतेम अर्ध्यापेक्षा थोडी वर भरलेली. ग्राहकाला लुटतात, असं त्यांचं म्हणणं. खरी गोष्ट वेगळी आहे. हा गम हवा असेपर्यंत पातळ राहतो. हवा तुटली आणि लोखंडाचा स्पर्श झाला की घट्ट होतो, म्हणून तर तो आट्यांत काम करतो. बाटलीत मोकळी जागा मुद्दाम ठेवतात, आणि बाटलीचं प्लास्टिकही थोडी हवा आत येऊ देणारं असतं. हे न कळल्यामुळं त्याच शेडमधल्या दुसऱ्या एकानं सांडलवंड नको म्हणून तीन बाटल्या घरच्या स्टीलच्या डबीत काठोकाठ ओतून ठेवल्या. सोमवारी डबी उघडली तर आत जेली. त्या माणसाला आळशी म्हणाल का? तो तर माल जपत होता. 'हवेसाठी जागा सोडली आहे, दुसऱ्या भांड्यात ओतू नये', एवढे आठ-नऊ शब्द बाटलीवर मावत नाहीत, असं मला कुणी पटवून द्यावं.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला बसले ते.

ओ-रिंगा जोडायला आम्ही वापरतो तो इन्स्टंट गम पांढऱ्या प्लास्टिकच्या छोट्या बाटलीत येतो. निमुळतं तोंड, एकेक थेंब पडणारं, वर फिरकीचं बूच. आमच्याकडच्या एका बाईनं मला विचारून एक संपत आलेली बाटली घरी नेली, मुलाच्या शाळेच्या बुटाचा तळवा निघाला होता म्हणून. काम झाल्यावर ती मुलाच्या हाताला लागू नये म्हणून तिनं उंच फळीवर ठेवली. त्याच फळीवर सासूबाईंचे डोळ्यांत घालायचे थेंब होते. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, आणि चौथी वेळ रात्री झोपताना. लाईट गेलेली. त्यांनी चाचपून बाटली घेतली, बूच फिरवलं आणि मान वर करून थेंब सोडला.

रात्री पावणेअकराला मला फोन आला. पापणी पापणीला चिकटली होती आणि म्हातारी आग आग म्हणून ओरडत होती. शेजारच्यांनी कुणीतरी नेलपॉलिश काढायचं लिक्विड आणलं होतं, त्यानं गम सुटतो म्हणून. नशीब मी फोनवर होते. ते डोळ्याजवळही नेऊ नका आणि पापणी ओढू नका, एवढंच मी ओरडून सांगितलं. कोमट पाण्यानं हळूहळू धुवत राहा आणि रिक्षात बसा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रात्रीच तपासलं. पापण्यांचे केस कापावे लागले, मलम आणि पट्टी झाली, आणि उरलेला गम चार-पाच दिवसांत आपोआप सुटला. बुबुळाला ओरखडा होता, तो भरला. नजर वाचली. डॉक्टर म्हणाले, अशा केसेस येतात, बाटल्या सारख्याच दिसतात.

त्या बाईनं तीन दिवस जेवण सोडलं होतं. कामावर आली तेव्हा म्हणाली, "माज्या हातनं आत्तींचा डोळा गेला असता." मी दोन्ही बाटल्या टेबलावर शेजारी ठेवल्या आणि सगळ्यांना लांबून ओळखायला सांगितल्या. नऊपैकी पाच जणींना ओळखता आल्या नाहीत, आणि ते भर दिवसा, त्यांतल्या कुणालाच चष्मा लागत नसताना. मोतीबिंदू झालेल्या बाईनं रात्री काळोखात त्या कशा ओळखायच्या? गमची बाटली चौकोनी करा, काळी करा, तिच्या अंगावर हाताला खरखरीत लागेल अशी पट्टी ठेवा. बाटलीच्या साच्यात केलेला एवढा बदल कुणाची तरी दृष्टी वाचवेल. तोपर्यंत वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे की असला गम औषधांच्या फळीवर ठेवू नका. आणि तो सांडला तर सुती कापडानं किंवा कापसानं पुसायला जाऊ नका. कापसावर तो एकदम तापतो, भाजण्याइतका. माझ्या एका कामगार बाईच्या पदराला असं भोक पडलंय आणि मांडीवर डाग आहे.

आता महापुराचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा तिथल्या गावभागातली माझी मालाची खोली आठवडाभर पाण्यात होती. पाणी उतरल्यावर चिखलातून डबे बाहेर काढले. झाकणं घट्ट होती, आत थेंबभर पाणी गेलं नव्हतं. पण लेबलं सगळी कागदाची, ती गेली. बत्तीस डबे, सारखे, पत्र्याचे, नागवे. रेझिन कुठलं, हार्डनर कुठला, कुठल्या तारखेचा, काही कळेना. वासावरून दहा-बारा ओळखले. बाकी चांगला माल मी माझ्या हातानं टाकून दिला, कारण अंदाजानं कालवायचं धाडस 340 एलिमेंटच्या आधीही मला नव्हतं. नदीकाठच्या गावाला माल पाठवताना नाव पत्र्यावरच छापावं आणि रेझिनच्या झाकणाला एक रंग, हार्डनरच्या झाकणाला दुसरा द्यावा, ही काही फार मोठी मागणी नाही.

हे होऊ शकतं हे मी रोज पाहते. माझ्या दिरांची तासगावला द्राक्षबाग आहे. त्यांच्या औषधांच्या खोलीत गेलं की प्रत्येक बाटलीवर तो चौकोन दिसतो, खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा नाहीतर हिरवा. लाल म्हणजे जहाल विषारी, हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य, हे बागेतल्या न शिकलेल्या गड्यालाही ठाऊक आहे. आत घडीचं पत्रक असतं आणि त्यात मराठी असते. बाहेर मुदत संपायची तारीख असते. हे कंपन्यांच्या मोठेपणानं झालेलं नाही. कीटकनाशकांसाठी 1971 पासूनचे नियम आहेत आणि त्यांत प्रादेशिक भाषेची अट आहे.

गमच्या डब्याला असं काही नाही. वैध मापन शास्त्राचे आवेष्टित, म्हणजे पॅकबंद, वस्तूंचे 2011 चे नियम दुकानातल्या पॅकला लागू होतात, पण उद्योगांसाठीच्या पॅकला त्यांतून सूट आहे. जिथं ते लागू आहेत तिथंही मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असला की पुरतो, मराठी ही कंपनीची मर्जी. आणि अखेरची तारीख छापायची सक्ती माणसाच्या सेवनाला अयोग्य ठरू शकणाऱ्या मालापुरती. गम कुणी खात नाही हे खरं. पण मुदत संपलेल्या गमनं चिकटवलेल्या टोपणाचा फिल्टर कुणाच्या तरी मशीनमध्ये बसतो आणि त्या मशीनखाली माणूस उभा असतो. सुरक्षेची माहितीपत्रकं मिळतात, मागितली की ई-मेलनं सोळा कलमांची येतात, आणि मला तरी आजवर एकही मराठीत आलेलं नाही. गम कालवणाऱ्या मावशींना ई-मेल नाही.

रिकाम्या डब्यांचा प्रश्न वेगळ्या पत्राचा आहे, पण उल्लेख करते. असल्या रसायनांचे रिकामे डबे 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात धरले जातात. प्रत्यक्षात ते भंगारवाल्याकडं जातात आणि घासूनपुसून कुणाच्या तरी दारात पाणी भरायला येतात. कुपवाडच्या वस्त्यांतून एक फेरी मारली तर दिसतील. त्यांच्यावरही मराठीत काही लिहिलेलं नसतं.

माझ्या मागण्या अशा. कंपन्यांनी वजनाचं आणि मापाचं प्रमाण चित्रासह, बोटाएवढ्या मोठ्या आकड्यांत आणि मराठीत छापावं. डबा उघडल्याची तारीख लिहायला झाकणावर पांढरी जागा ठेवावी, कारण उघडल्यावर मुदत वेगळी चालू होते. एक आणि दोन किलोचे पॅक विक्रेत्यांकडे द्यावेत. इन्स्टंट गमची बाटली डोळ्यांच्या थेंबांसारखी दिसता कामा नये. यातलं शेवटचं कंपन्यांवर सोडू नये, राज्य शासनानं केंद्राकडं धरून लावावं. आपल्या जिल्ह्याचे आमदार-खासदार द्राक्षाच्या आणि उसाच्या प्रश्नावर बोलतात, तसं एकदा या बाटलीवर बोलावं. उद्योजक संघटनांनी माल घेताना एकत्र मिळून ही अट घातली तर विक्रेत्यांना ऐकावंच लागेल. माझ्या एकटीच्या महिन्याच्या एवढ्याशा मालावर कुणी साचा बदलणार नाही.

तोवर आम्ही आमच्यापुरतं केलंय. रेझिनच्या झाकणांना लाल ऑइलपेंट, हार्डनरच्या झाकणांना निळा. काट्याशेजारी पाटीवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'काट्यावर 100 ला 80. वाटीनं समान.' ती पाटी मावशींनी स्वतःच्या हातानं लिहिली आणि रोज सकाळी पुसून त्याच पुन्हा लिहितात. इन्स्टंट गम घरी न्यायचा झाला तर बाटलीला सुतळीचे चार वेढे घालून द्यायचे, म्हणजे अंधारात हाताला कळतं. एका कागदावर सगळ्या गमांची माहिती मराठीत लिहून काढलीय, त्यात गरम पाण्याचं, पहिल्या धारेचं, फुगलेल्या डब्याचं आणि डोळ्यांचं, सगळं आहे. त्याच्या पन्नास झेरॉक्स काढून ठेवल्यात. कुपवाड, मिरज, पलूस, कुठल्याही वर्कशॉपला हव्या असतील तर आपल्या कार्यालयाकडून माझा पत्ता घ्यावा. सकाळी साडेनऊनंतर कधीही यावं, आणि त्या पत्रलेखक बंधूंनी तर नक्की यावं, मावशींची गाठ घालून देते.

आपली,
एक लघुउद्योजिका
कुपवाड, जि. सांगली